हंगामापूर्वीचा संकल्प



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला पाचारण केले तेव्हा मी किमान वेतनावर, कंत्राटी कामगारांवर, नाहीतर चार कामगार संहितांवर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. ते विषय माझ्या रोजच्या भाकरीचे आहेत आणि त्यांवर बोलायला मला वर्षाचे बाकीचे दिवस मोकळे असतात. मी विषय कळवला तो धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या माणसाने हंगामापूर्वी करावयाच्या संकल्पांचा. चिटणीसांचा लगेच फोन आला, "विषय लिहिण्यात काही गफलत तर नाही ना?" गफलत नाही. तासाभरात आपणांसही ते पटेल अशी मला आशा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि आपल्याकडच्या रानांची आज जी अवस्था आहे ती पाहता ती बंदी योग्यच आहे. कोणाच्या हाती धनुष्य देऊन त्याला सह्याद्रीत पाठवावे, असा माझा मुळीच हेतू नाही. मी बोलणार आहे ते अमेरिकेतील मिशिगन राज्याविषयी. तिथे हरणाची शिकार कायद्याने, परवाना घेऊन, ठरलेल्या दिवसांत होते. पूर्वापार १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर हे दिवस बाणाचे आणि १५ नोव्हेंबरपासून बंदुकीचे. माझ्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा तिथे नोकरीला आहे. त्याचा शेजारी मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग करतो, युनियनचा सभासद आहे आणि साध्या लाकडी धनुष्याने शिकार करतो. हा गृहस्थ दर ऑगस्टमध्ये एका वहीत येत्या हंगामाचे संकल्प लिहितो. मुलाने त्या पानाची नक्कल मला पाठवली. पानावर पाच ओळी होत्या, त्या अशा.

वीस वारांपलीकडे बाण सोडणार नाही. हंगाम लागेपर्यंत रोज पहाटे एक बाण मारीन, एकच. बारा दिवस रानात बसेन. घरच्या मांसासाठी एक मादी पुरे, शिंगे मोजणार नाही. वर्षातली एक रजा शिल्लक ठेवीन. बाण लागला आणि हरीण हाती आले नाही, तर ती शोधण्यात घालवीन.

मी तीस वर्षे कारखान्यांतून उद्दिष्टांचे तक्ते पाहत आलो आहे. महिन्याचे, पाळीचे, तासाचे, हल्ली तर मिनिटाचे. पण असा तक्ता मी पाहिला नव्हता. या पाच ओळींत 'अमुक इतकी हरणे मारीन' असे कुठेच नाही. उलट पाचांपैकी तीन ओळी माणूस स्वतःला काय करू देणार नाही किंवा काय निस्तरायला लावणार आहे ते सांगतात. हे असे का, याचा मी शोध घेऊ लागलो. शाळा नववीत सुटल्यामुळे माझा सगळा अभ्यास वाचनालयाच्या बाकावर झाला. या शोधासाठीही तोच बाक कामी आला.

प्रथम हत्यार समजून घेऊ. आज अमेरिकेत बहुसंख्य धनुर्धर कप्प्या बसवलेले धनुष्य वापरतात. मिसुरी राज्यातल्या ॲलन नावाच्या गृहस्थांना १९६९ साली त्याचे पेटंट मिळाले. दोरी पूर्ण ओढली की कप्प्यांमुळे तिचा भार बोटांवर एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी उरतो, आणि नेम धरून स्वस्थ थांबता येते. जुन्या पद्धतीच्या धनुष्यात ही सोय नाही. पंचेचाळीस पौंडांचे धनुष्य ओढले, की पंचेचाळीसच्या पंचेचाळीस पौंड तीन बोटांवर पेलून धरावे लागतात. नेमाची खूण नाही, दुर्बीण नाही, टेकू नाही. डोळा, खांदा आणि सवय यांवरच सारे अवलंबून.

आता वीस वारांचा हिशोब पाहा. वीस वार म्हणजे साठ फूट. अशा धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे १७० फूट जातो. म्हणजे साठ फूट जायला एक तृतीयांश सेकंद लागतो. पण दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फूट धावतो. म्हणजे बाण वाटेत असतानाच आवाज हरणाच्या कानी पोचलेला असतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते, आणि काळजावर धरलेला बाण पाठीत लागतो, नाहीतर वरून निघून जातो. चाळीस वारांवर हाच अवधी दुप्पट होतो. बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही. त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या कापते आणि रक्तस्रावाने मृत्यू येतो. फुप्फुसांतून आरपार गेला तर जनावर काही सेकंदांत कोसळते. पोटात लागला तर ते तासन् तास यातना भोगते आणि कित्येकदा कोणाला सापडतही नाही. म्हणून वीस वारांची ओळ हा त्या माणसाच्या हौसेचा प्रश्न नाही. ती ओळ ओलांडली तर भोगायचे दुसऱ्याने आहे, आणि त्या दुसऱ्याला तक्रार करता येत नाही.

ही विद्या आजच्या अमेरिकन हौशी माणसापर्यंत कशी आली, याचा इतिहास मोठा हृदयद्रावक आहे. कॅलिफोर्नियात याही नावाची एक लहान आदिवासी जमात होती. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची कत्तल केली. उरलेली मूठभर माणसे डोंगरात लपून राहिली आणि एकेक करून संपली. १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावाजवळ त्यांच्यातला शेवटचा माणूस उपाशीपोटी बाहेर आला. आपले नाव परक्याला सांगायचे नाही असा त्याच्या जमातीचा रिवाज होता, म्हणून पंडितांनी त्याला इशी म्हटले. इशीचा त्याच्या भाषेतला अर्थ 'माणूस', इतकाच. सॅनफ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहिला. शेजारच्या रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप त्याचे स्नेही झाले, त्याच्याकडून धनुष्य करायला आणि रानात चालायला शिकले. १९१६ साली इशी क्षयाने गेला. १९२३ साली पोपनी या विद्येवर पुस्तक लिहिले, आणि तिथून पुढे अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांची परंपरा वाढीस लागली.

इशीविषयी पोपनी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत, त्या आपल्या विषयाच्या गाभ्याच्या आहेत. पहिली अशी की, लांब अंतरावरच्या निशाणावर नेमबाजी करण्यात इशी काही फारसा तरबेज नव्हता. पण शिकारीच्या जवळच्या पल्ल्यात त्याचा हात फार पक्का होता. तो नेम लांबवण्याऐवजी अंतर कमी करी. वारा पाही, वाट पाही, जवळ जाई. दुसरी अशी की, शिकारीच्या आधी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, पहाटे उठून ओढ्यात स्नान करी. अंगाचा वास रानाला लागू नये हा त्यात व्यवहार होता. पण नुसता व्यवहार नव्हता. आपण काही गंभीर करायला निघालो आहोत, ही जाणीवही त्यात होती. व्रत करणाऱ्या घरांतून वाढलेल्या आपणां मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता एक योगायोग सांगतो. ज्या १९११ साली इशी रानातून बाहेर आला, त्याच साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचे 'शास्त्रीय व्यवस्थापना'वरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. घड्याळ हातात धरून कामगाराची हालचाल मोजणारे ते हेच टेलर. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात माणूस दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड गाडीत चढवी, त्याच्याकडून सत्तेचाळीस टन चढवून घेतले, हा त्यांचा गाजलेला दाखला. आपल्याकडच्या प्रत्येक पीसरेटचे आणि प्रत्येक टार्गेटचे मूळ त्या दाखल्यात आहे. टेलरच्या पद्धतीत उद्दिष्ट ठरवणारा एक, ते पुरे करणारा दुसरा. आणि उद्दिष्ट म्हणजे आकडा, कारण दूर बसलेल्याला आकड्याखेरीज काही दिसत नाही.

आकड्याचे उद्दिष्ट माणसाचे काय करते हे मी एका कारखान्याच्या प्रेस खात्यात पाहिले आहे. प्रेसला दोन बटणे असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे पात खाली येताना हात आत राहू शकत नाही. पाळीचा आकडा वाढला तेव्हा पोरांनी एक बटण चिकटपट्टीने दाबून बांधून टाकले. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचे. आकडा पुरा होऊ लागला, फोरमनने पाहून न पाहिल्यासारखे केले, आणि तिसऱ्या आठवड्यात एका तेवीस वर्षांच्या मुलाची तीन बोटे गेली. नुकसानभरपाईच्या कागदावर कारण लिहिले होते, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. बटण आकड्याने बांधले होते, हे लिहायला त्या कागदात रकाना नव्हता.

शिकाऱ्याचेही असेच होते. समजा, एखाद्याने ऑगस्टमध्ये ठरवले की यंदा मोठ्या शिंगांचा नर मारायचाच. अमेरिकेत पोप आणि यंग यांच्या नावाची एक संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. बाणाने मारलेल्या जनावरांची ती नोंद ठेवते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची सरळ वाढलेली शिंगे तिच्या मोजणीत किमान १२५ इंच भरावी लागतात. नोंद ठेवण्यात वाईट काही नाही. पण आपल्या माणसाच्या डोक्यात हा १२५ चा आकडा बसला, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबरची बारा तारीख आली, हात रिकामा आहे, तीन दिवसांनी बंदुकांचा धडाका सुरू होणार, आणि संध्याकाळी पस्तीस वारांवर तो नर उभा राहिला. अशा वेळी वीस वारांची मर्यादा कोण आठवणार? त्याचेही बटण आकड्याने बांधलेले असते. बाण सुटतो, हरीण पळते, अंधार पडतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, संकल्प असा करावा, जो पुरा करण्यासाठी मर्यादा मोडावी लागणार नाही. वेल्डरच्या वहीतले संकल्प नेमके तसे आहेत. हरीण येणे न येणे त्याच्या हाती नाही. वारा, पाऊस, ओकच्या झाडांना यंदा फळ किती धरले, शेजारच्या रानात कोण बसला आहे, यांतले काहीही त्याच्या हाती नाही. पण रोज पहाटे एक बाण मारणे त्याच्या हाती आहे. एकच का? कारण पन्नास बाण मारले की हात ऊबदार होतो आणि शेवटचे दहा छान लागतात. माणूस खूश होऊन घरी जातो. रानात मात्र पहिलाच बाण असतो, गारठलेल्या बोटांनी मारलेला. तो कुठे लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच आपला पल्ला वीस वारांचा की बारा वारांचा, हे खरेपणाने सांगता येते. ज्या वर्षी पहाटेचा बाण पंधरावरच डगमगतो, त्या वर्षी वहीतला आकडा खाली आणायचा. कारखान्यात आकडा खाली आलेला मी कधी पाहिला नाही.

बारा दिवस बसण्याची ओळही अशीच. मचाणावर दोरीने स्वतःला बांधून पहाटेच्या आधी बसायचे, वारा आपल्याकडून हरणाच्या वाटेकडे वाहू लागला तर मुकाट्याने उतरून परत यायचे. तो दिवसही बारांत धरायचा.

आपल्या पुराणांना हे सारे ठाऊक होते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, ही गोष्ट आपण प्रत्येक गुणवंतांच्या सत्कारात सांगतो. पण तो पक्षी कारागिरांनी बनवलेला होता, हे सांगायला विसरतो. कृत्रिम पक्ष्याच्या बाबतीत फक्त डोळा पाहिलेला चालतो. जिवंत जनावराच्या बाबतीत मधली फांदी पाहावी लागते, मागे उभे असलेले पाडस पाहावे लागते, वारा पाहावा लागतो. नुसते लक्ष्य पाहणाऱ्याची गोष्ट दशरथाची आहे. पाण्यात घडा बुडण्याचा आवाज त्याने हत्तीचा समजला, न पाहता शब्दवेधी बाण सोडला, आणि आंधळ्या आईबापांचा श्रावण गेला. बाण अचूक होता. मर्यादा चुकली होती. पांडूने हरणाच्या रूपातील किंदम ऋषींना मारले, तेव्हा ऋषींनी ठपका ठेवला तो मृगयेबद्दल नव्हे. तू थांबला का नाहीस, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि जरा व्याधाने हरीण समजून श्रीकृष्णाच्या पायावर बाण मारला. रामायण-महाभारतात धनुर्धरांचे पराक्रम पुष्कळ आहेत. पण शिकारीतल्या या तीन बाणांनी दोन राजांचा आणि एका अवताराचा शेवट ठरवला.

इथे बसलेल्यांत माळकरी मंडळी असतील, जैन बांधव असतील. ते म्हणतील, मर्यादा पाळून मारले तरी मारलेच ना? त्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो गोड बोलून उडवून लावण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त तिथली परिस्थिती सांगतो. १९०० च्या सुमारास बाजारासाठी बेसुमार मारल्यामुळे साऱ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे अंदाजे पाच लाखांवर आली होती. मग कायदे झाले. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांच्या कामासाठी राखून ठेवले गेले आणि पुढे १९७२ च्या कायद्याने धनुष्यबाणांवरही तो कर बसला. आज हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात सांगतात. लांडगे बहुतेक ठिकाणी माणसाने आधीच संपवले, त्यामुळे हरणे रानातली रोपे खाऊन टाकतात आणि कडक हिवाळ्यात उपासमारीने मरतात. म्हणून वेल्डरची चौथी ओळ मादीची आहे: संख्या आवाक्यात राहते ती माद्यांमुळे, शिंगांमुळे नाही. एका मादीचे पंधरा-वीस किलो मांस घराला पुरते. आणि कायद्याने शिकारीचे मांस विकता येत नाही. खावे, वाटावे, नाहीतर गरिबांच्या अन्नछत्राला द्यावे. ज्याला हे सारे ऐकूनही पटत नाही, त्याचा मी आदर करतो. पण जो मारतो त्याने कसे मारावे, हा प्रश्न तरीही उरतोच, आणि आपण मांस खाणारी मंडळी तो प्रश्न खाटकाच्या दुकानाबाहेर ठेवून आत जातो.

मांस विकता येत नाही, या गोष्टीकडे मी कामगाराच्या नजरेने पाहतो. आठ तास त्या वेल्डरच्या हाताचे कसब विकलेले असते. त्याचा प्रत्येक टाका कोणीतरी मोजतो. हे एक कसब असे आहे की, ज्याला बाजारभाव नाही आणि ज्यावर मुकादम नाही. आल्डो लिओपोल्ड या वनशास्त्रज्ञाने, जो स्वतः धनुष्ये करी आणि बाणाने शिकार करी, नेमके यावर बोट ठेवले आहे: शिकाऱ्याला टाळ्या देणारा किंवा बोल लावणारा प्रेक्षक नसतो. १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या पुस्तकात ते आहे. पस्तीस वारांवर बाण सोडला की नाही, हे त्या वेल्डरखेरीज कोणालाच कळणार नाही. त्याची वही कोणी तपासत नाही.

आणि ही मोकळी वेळ त्याला कोणी आयती दिलेली नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी माझ्या धंद्याशी बेइमान होईन. मिशिगनमधल्या फ्लिंट गावी ३० डिसेंबर १९३६ पासून ११ फेब्रुवारी १९३७ पर्यंत जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यात ठाण मांडून बसले, आणि त्यांच्या युनियनला मान्यता मिळाली. १९३८ च्या कायद्याने कामाचे तास बांधले गेले आणि १९४० पासून आठवडा चाळीस तासांचा झाला. त्याच १९३७ साली मिशिगनने बाणाच्या हरीणशिकारीचा पहिला हंगाम थोड्या भागात उघडला. त्या राज्यात हा नाद पसरवणारा फ्रेड बेअर हा डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातला पॅटर्नमेकर. १९३३ साली, मंदीच्या ऐन दिवसांत त्याने स्वतःची कार्यशाळा काढली. शनिवार-रविवार मिळाले नसते, तर मचाणावर बसायला कामगार कुठून आला असता?

शेवटची ओळ राहिली, राखलेल्या रजेची. मला सर्वांत भिडली ती हीच. बाण लागल्यावर लगेच धावायचे नसते; अर्धा तास तरी बसून राहायचे, नाहीतर जखमी जनावर मैलभर पळते. मग रक्ताचा माग. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसे, शोध लवकर संपतो. काळसर, हिरवट असेल तर पोट, आणि मग कित्येक तास थांबून पानापानावर ठिपका शोधत जायचे. रविवारी संध्याकाळी असे झाले तर सोमवारी पाळी असते. बहुतेकांचा शोध तिथे संपतो. या माणसाने ऑगस्टमध्येच, काही घडायच्या आधी, सोमवार मोकळा करून ठेवला आहे. यशाची तयारी सगळेच करतात. आपल्या हातून वाईट घडले तर ते निस्तरायला लागणारा वेळ आधीच बाजूला काढून ठेवणारा माणूस विरळा.

आपल्यापैकी कोणी हरणाच्या मागे जाणार नाही. पण जून येतो आहे, शाळा उघडतील, नव्या वर्षाचे बेत घरोघर होतील: मुलाचे टक्के, दुकानाची विक्री, संस्थेचे सभासद. आम्हा युनियनवाल्यांचेही सभासदसंख्येचे आकडे असतात आणि ते गाठताना काय काय ओलांडले जाते हे मी जाणतो. बेत अवश्य करा. फक्त त्या वेल्डरसारखी वहीची पाने तपासून पाहा: यातले माझ्या हातातले काय, मी किती वारांपलीकडे जाणार नाही, आणि चुकून कोणाला लागलेच तर त्याच्यासाठी राखलेली रजा कुठे आहे.

त्या मिशिगनच्या गृहस्थाला गेल्या हंगामात काय मिळाले, असे मी मुलाला विचारले होते. बारा दिवस बसला, दोन हरणे पंचविसावर आली, बाण सुटला नाही, रजा डिसेंबरात बायकोबरोबर घालवली, असे उत्तर आले. यंदाच्या पानावर पहिली ओळ अठरा वारांची आहे म्हणे.